देवघर आणि समुपदेशकाची खोली

घरातला कर्ता पुरुष दारूत बुडाला, वयात आलेली मुलगी जेवेनाशी झाली, नवरा-बायकोतल्या अबोल्याला वर्ष उलटलं, तरी आपल्याकडचं कुटुंब एकदम समुपदेशकाकडे येत नाही. त्याआधी कुलदैवताला नवस बोलून झालेला असतो, पत्रिका दाखवलेली असते. कुणी त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळी करून आलेलं असतं, कुणी दर्ग्यावर चादर चढवलेली असते, कुणी माहीमच्या चर्चमध्ये बुधवारचे नोव्हेना धरलेले असतात. मग हीच माणसं समुपदेशकासमोर खुर्च्यांवर बसतात आणि यातलं अवाक्षर काढत नाहीत. हसतील, अडाणी समजतील, ही धास्ती असते. समुपदेशकही विचारत नाही, कारण त्याच्या प्रशिक्षणात हा प्रश्न बहुधा आलेलाच नसतो. घराचा सर्वांत मोठा आधार, आणि काही घरांतला सर्वांत मोठा जाच, असा उपचाराच्या बाहेरच राहतो.

कुटुंबाला एकत्र बसवून केल्या जाणाऱ्या मानसोपचारात, म्हणजे कुटुंबोपचारात, अध्यात्माला जागा असावी का, असली तर किती आणि कुणाच्या हाती, या प्रश्नावर गेल्या सत्तर वर्षांत बरंच काम झालं आहे. त्याचा हा आढावा. इथे अध्यात्म म्हणताना पूजा-प्रार्थना, व्रतं, गुरू, संप्रदाय हे सगळं धरलं आहे. आणि देव न मानणाऱ्या माणसाचा जगण्याच्या अर्थाचा शोधही धरला आहे.

दुरावा आणि पुनर्भेट

मानसोपचार आणि धर्म यांच्यातला दुरावा जुना आहे. फ्रॉइडने 1927 साली धर्माला इच्छापूर्तीतून जन्मलेला भ्रम ठरवलं आणि पुढच्या काही पिढ्यांचे उपचारक त्याच सावलीत वाढले. 1950च्या दशकात अमेरिकेत कुटुंबोपचार आकाराला आला तेव्हा नेथन ॲकरमन, मरे बोवेन, ग्रेगरी बेटसन, पुढे साल्वादोर मिनुचिन यांनी एक मोठं काम केलं. आजार एका माणसात शोधण्याऐवजी तो माणसांमधल्या व्यवहारात शोधायला त्यांनी शिकवलं. पण त्यांची परिभाषा यंत्रणाशास्त्रातून आली होती: सीमारेषा, उतरंड, प्रतिसादाची साखळी. घरात कोण कुणाच्या बाजूने बोलतो हे त्या परिभाषेत नेमकं पकडता येई. पण घर रोज संध्याकाळी कुणापुढे हात जोडतं, याची नोंद घ्यायला तिथे रकाना नव्हता.

अपवाद होते. हंगेरीतून अमेरिकेत आलेले इव्हान बोसोर्मेनी-नाज यांनी 1973 साली जेराल्डिन स्पार्क यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात कुटुंबातल्या अदृश्य निष्ठांचा विचार मांडला. प्रत्येक घरात देण्या-घेण्याचा एक अलिखित हिशेब असतो, आणि आजोबांच्या पिढीत थकलेलं देणं नातवाकडून वसूल होतं, असं त्यांचं निरीक्षण. या विचारावर तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांचा ठसा होता. पितृऋण मानणाऱ्या समाजाला ही मांडणी परकी वाटू नये.

उपचारकांचा संकोच सुटण्याची वाट कुटुंबांनी मात्र पाहिली नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस 1935 साली सुरू झाली आणि 1951 साली मद्यपींच्या बायकांनी, नातलगांनी अल-ॲनॉन ही स्वतंत्र संघटना उभी केली. नवऱ्याची दारू आपल्यामुळे सुरू झाली नाही आणि ती सोडवणं आपल्या हातात नाही, हे मान्य करून उरलेला भार आपल्याहून मोठ्या शक्तीवर सोपवायचा, ही तिथली शिकवण. ती शक्ती कोणती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कुटुंबाच्या दुखण्यावर आध्यात्मिक भाषेतून चाललेला इतका दीर्घ प्रयोग दुसरा क्वचितच सापडेल.

शास्त्रीय वर्तुळात वारं फिरलं ते नंतर. 1980 साली ॲलन बर्गिन यांनी धार्मिक मूल्यांना उपचारात स्थान द्यावं, असा लेख लिहिला. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांनी त्याचा कडाडून प्रतिवाद केला. त्याच एलिस यांनी दोन दशकांनी धार्मिक व्यक्तींच्या समुपदेशनावरच्या ग्रंथाचं सहलेखन केलं. दरम्यान 1994 साली अमेरिकेच्या मानसविकार-वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ ही नोंद आली. म्हणजे श्रद्धेचा पेच हा प्रत्येक वेळी रोगच असतो असं नाही, हे अधिकृतपणे मान्य झालं. त्याच वर्षी फिलाडेल्फियात गरीब कुटुंबांसोबत काम केलेले हॅरी अपॉन्ते यांचं पुस्तक आलं. गरिबी माणसाच्या ताटातलं अन्न नेते, तसा जगण्याचा हेतूही नेते. उपचाराने दोन्हीकडे पाहायला हवं, हा त्यांचा आग्रह. 1999 साली शिकागोच्या फ्रोमा वॉल्श यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने हा विषय कुटुंबोपचाराच्या मुख्य प्रवाहात आणला. जागतिक मानसोपचार संघटनेने 2016 साली निवेदन काढून रुग्णाच्या श्रद्धेची विचारपूस हा तपासणीचा भाग असावा, असं सांगितलं. उपचारकाने आपल्या श्रद्धेचा प्रचार करू नये, हेही त्यात बजावलं.

आधार कसा मिळतो

श्रद्धा कुटुंबाला नेमकी कशी उपयोगी पडते? अभ्यासकांच्या कामातून काही वाटा स्पष्ट दिसतात.

पहिली वाट अर्थाची. संकटातून सावरणाऱ्या कुटुंबांचा वॉल्श यांनी अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत सावरण्याच्या शक्तीचा एक आधार म्हणजे घराची समान श्रद्धा: ओढवलेल्या प्रसंगाला काही अर्थ लावता येणं आणि पुढे काही चांगलं होऊ शकतं असं मानता येणं. तरुण मुलगा अपघातात गेल्यावर ‘का?’ या प्रश्नाला वैद्यकशास्त्राकडे उत्तर नसतं. आई, वडील, बहीण तिघांनी तीन वेगवेगळी उत्तरं मनात धरली आणि एकमेकांना सांगितली नाहीत, तर दुःखासोबत दुरावाही वाढतो. समुपदेशकाने ती उत्तरं एकमेकांसमोर बोलायला लावणं, हाच पुष्कळदा उपचाराचा मोठा भाग ठरतो.

दुसरी वाट विधींची. 1970च्या दशकात इटलीतल्या मिलान गटाने कुटुंबांना ठरावीक दिवशी ठरावीक वागण्याचे विधी नेमून द्यायला सुरुवात केली. पुढे इव्हान इम्बर-ब्लॅक आणि जनीन रॉबर्ट्स यांनी कौटुंबिक विधींचा सविस्तर विचार केला. आपल्याकडे विधींची वाण नाही. दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध यांनी शोकाला टप्पे मिळतात, माणसं घरी येतात, गेलेल्याचं नाव घेतलं जातं. पण पोटातच गेलेलं बाळ, आत्महत्या केलेला भाऊ, घटस्फोटाने तुटलेलं घर यांच्या दुःखाला परंपरेत फारशी जागा नाही. अशा वेळी कुटुंबाने स्वतः एखादा साधा विधी रचावा, यासाठी समुपदेशक मदत करू शकतो. आणि जे विधी जखम करतात ते बदलताही येतात. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने तो कित्ता इतर गावांनी गिरवावा असं परिपत्रक काढलं. एका विधवेच्या मनाची घालमेल घराच्या चार भिंतींत सुटत नसेल, तर गावाने हात पुढे करावा लागतो, याचं हे उदाहरण.

तिसरी वाट क्षमेची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्थिंग्टन क्षमेच्या टप्प्यांवर संशोधन करत होते. 1996 साली त्यांच्या आईचा घरफोडीत खून झाला आणि त्यांना स्वतःच्या मांडणीला सामोरं जावं लागलं. त्यांच्या आणि रॉबर्ट एनराइट यांच्या कामाने क्षमा हा उपचाराचा विषय झाला. यातला एक भेद आपल्या घरांनी मनावर कोरून ठेवण्यासारखा आहे. क्षमा ही मनातली घडामोड आहे आणि समेट हा दोघांमधला व्यवहार आहे. मारहाण करणाऱ्या नवऱ्याविषयीचा द्वेष एखादी बाई सोडू शकते. म्हणून तिने त्याच घरात परत जायला हवं असं मुळीच नाही.

चौथी वाट प्रार्थनेची. मार्क बटलर आणि सहकाऱ्यांनी धार्मिक जोडप्यांशी बोलून असं नोंदवलं, की भांडणाच्या भरात केलेली प्रार्थना राग निवळवते आणि स्वतःच्या चुकीकडे पाहायला लावते. हरिपाठ म्हणायला बसणं, नमाज पढणं, दहा मिनिटं शांत बसणं, यांपैकी घराला जे आपलं वाटतं ते चालतं.

तीच श्रद्धा ओझं होते तेव्हा

बटलर यांनीच 1994 साली जेम्स हार्पर यांच्यासोबत दुसरी बाजूही मांडली होती. नवरा-बायकोच्या नात्यात देव तिसरा होऊन बसतो, आणि कधी तो एकाच्या बाजूला ओढला जातो. ‘देवालाच तुझं वागणं पटत नाही’ असं म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. आपल्या घरांत हे रोज घडतं. सुनेला मूल नाही, तर तिच्या हातून कुलाचार चुकला. मुलाची नोकरी गेली, तर सून पांढऱ्या पायाची. दोष देणारी सासू असते, पण निकाल देवाच्या नावाने लागतो आणि त्यावर अपील नसतं. समुपदेशकाचं पहिलं काम देवाला या पक्षपातातून मोकळं करणं हे आहे.

केनेथ पार्गमेंट यांनी संकटात माणसं धर्माचा आधार कसा घेतात याचे दोन ढंग दाखवले. एकात देव सोबती असतो. दुसऱ्यात देव शिक्षा देणारा असतो किंवा त्याने पाठ फिरवलेली असते. 2001 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धांपैकी ज्यांना देवाने टाकल्यासारखं वाटत होतं, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका अधिक दिसला. मतिमंद मुलाच्या आईला ‘गेल्या जन्मीचं पाप’ ऐकवणाऱ्यांनी याचा विचार करावा. तोच कर्मविचार एखादी आई वेगळ्या तऱ्हेनेही धरते: हे मूल माझ्याकडे सोपवलं आहे, मी ते सांभाळणार. विचार एकच, पण एका घरात त्याने आई मोडते आणि दुसऱ्यात उभी राहते.

आणखी एक धोका जॉन वेलवुड यांनी 1984 साली दाखवला: नात्यातल्या दुखऱ्या प्रश्नांपासून पळण्यासाठी साधनेचा आसरा घेणं. बैठक, शिबिर, पारायण यांत रमलेला नवरा घरात प्रसन्न दिसतो, पण मुलांची फी, आईचं आजारपण, बायकोचा एकटेपणा यांविषयी बोलत नाही. ‘मी आता सगळ्यातून बाहेर आहे’ असं तो म्हणतो, तेव्हा घरातलं सगळं कुणीतरी दुसरं ओढत असतं.

श्रद्धेपायी घरात उभा राहणारा संघर्ष आपल्या परंपरेने झाकून ठेवलेला नाही. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांतून तो उघडपणे सांगितला आहे. तुकोबांना गुरू मानल्याबद्दल कर्मठ ब्राह्मण नवऱ्याने त्यांना मारहाण केली, घर सोडून जाण्याची तयारी केली; पुढे आजारपणात तो पालटला. बायकोची भक्ती, नवऱ्याचा मान, जातीची उतरंड आणि शेजारापाजाऱ्यांचं बोलणं असे चारही पदर त्या कथनात आहेत. कुटुंबोपचार शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला याहून चांगला पाठ कुठला मिळणार?

भारतातला अनुभव

कुटुंबाला सोबत घेण्याची वाट भारताने स्वतःची शोधली. 1950च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहू दिलं, त्यांच्याशी गटाने बोलायला सुरुवात केली. पुढे वेल्लोर आणि बेंगळुरूमध्येही कुटुंबासह उपचाराची सोय झाली.

देवळात मिळणाऱ्या दिलाशाचीही तपासणी झाली. तमिळनाडूतल्या एका मंदिरात राहायला आलेल्या 31 मनोरुग्णांचा अभ्यास आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. सरासरी सहा आठवड्यांच्या वास्तव्यात लक्षणांचं प्रमाण जवळपास 20 टक्क्यांनी उतरलं. तिथे अंगातलं भूत काढणं वगैरे प्रकार नव्हते. सोबत घरचं माणूस, रोजची पूजा, आवारातली हलकीफुलकी कामं आणि कुणी हिणवत नाही असं वातावरण, एवढंच होतं. नमुना लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून यावरून मोठा निष्कर्ष काढू नये. पण आधार देणारी माणसं आणि मानाची वागणूक यांचं औषधी मोल त्यातून दिसतं.

याच राज्यात त्याआधी एकच वर्ष, 6 ऑगस्ट 2001 रोजी, एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या खासगी आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत आणि 28 जण गेले. त्यांना तिथे घरच्यांनीच आणून सोडलं होतं. त्या घरांना दोष देऊन आपली सुटका नाही. जवळपास दवाखाना नसेल, बोलायला कुणी नसेल, तर थकलेलं कुटुंब जिथे दार उघडं दिसेल तिथे जातं. यातून शहाणपणाची एक वाट गुजरातने दाखवली. उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ या उपक्रमातून मनोविकारतज्ज्ञ बसू लागले आणि मुजावर रुग्णांना त्यांच्याकडे पाठवू लागले.

श्रद्धा आणि छळ यांच्यातली रेषा महाराष्ट्राने कायद्यात आखली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं हा गुन्हा ठरवला. त्याच कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना स्पष्टपणे वगळलं आहे. समुपदेशकाला हीच रेषा पुरेशी मार्गदर्शक आहे.

विचारायचं कसं

यासाठी साधनं तयार आहेत. कुटुंबाचा तीन पिढ्यांचा नकाशा काढण्याची जीनोग्राम ही पद्धत उपचारकांना परिचित आहे. 2000 आणि 2001 साली मार्शा फ्रेम आणि डेव्हिड हॉज यांनी त्यावर श्रद्धेच्या खुणा कशा मांडायच्या हे दाखवलं: कोण कुठल्या पंथाचं, कुणी पंथ बदलला, त्यावरून कोण कुणाशी तुटलं.

मराठी घरात असा नकाशा काढला तर काय काय वर येईल याची कल्पना करावी. आजोबांनी माळ घातली आणि दारू-मटण सुटलं. बापाने माळ उतरवली आणि दोन्ही परत आलं. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर एका घराने खंडोबाचे टाक विसर्जित केले. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि आता आजी गेल्यावर दूरच्या नातलगांचा पिंडदानासाठी दबाव आहे. वसईतल्या कॅथलिक मुलीने हिंदू मुलाशी लग्न केलं आणि बाळाचा बाप्तिस्मा की बारसं यावर दोन्ही आज्या अडून बसल्या आहेत. मुस्लिम जोडप्याच्या वादात दोन्हीकडचा एकेक मध्यस्थ नेमावा असं कुराणातच सांगितलं आहे. तो मध्यस्थ समुपदेशकाच्या कामाला पूरक ठरू शकतो. आणि एखाद्या घरात मुलगा निरीश्वरवादी झाला म्हणून बापाने बोलणं टाकलं आहे. तिथे मुलाच्या नकाराचाही मान तितकाच राखायला हवा.

प्रश्न साधे असावेत. कठीण काळात तुमचं घर कशाच्या बळावर उभं राहतं? घरातले सगळे ते मानतात का? न मानणाऱ्याचं काय होतं? उपास, व्रतं, नवस यांचा भार कोण उचलतं? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर एकच येतं: बाई.

पुरावा काय सांगतो

2018 साली लॉरा कॅप्टारी आणि सहकाऱ्यांनी 97 अभ्यासांचं, 7,181 व्यक्तींचं एकत्रित विश्लेषण केलं. श्रद्धेशी जुळवून घेतलेला उपचार हा उपचार न घेण्यापेक्षा नक्कीच चांगला ठरला. पण तोच उपचार श्रद्धेच्या जोडीने आणि तिच्याविना असा काटेकोरपणे तोलून पाहिला, तेव्हा मानसिक त्रास दोन्हींत सारखाच कमी झाला. श्रद्धेच्या जोडीने दिलेल्या उपचारात आध्यात्मिक समाधान जास्त मिळालं. यातला बराचसा पुरावा पाश्चात्त्य देशांतला, ख्रिस्ती आणि एकेकट्या रुग्णांचा आहे. म्हणून ‘अध्यात्माने घरं सावरतात हे विज्ञानाने सिद्ध केलं’ असा डंका पिटणं अप्रामाणिकपणाचं आहे. श्रद्धावान कुटुंबाच्या भाषेत बोलल्याने उपचाराची धार कमी होत नाही आणि कुटुंबाला तो आपला वाटतो, एवढं मात्र खात्रीने म्हणता येतं.

समुपदेशकाने गुरू व्हावं का?

मानसोपचारतज्ज्ञ आणि पंजाबी कवी जसवंतसिंग नेकी यांनी 1973 साली गुरू-शिष्य नात्याकडे उपचाराचा नमुना म्हणून पाहावं, असं सुचवलं. भारतीय रुग्ण उपचारकाकडे वडीलधाऱ्याच्या नात्याने येतो, तटस्थ मौनाने तो गोंधळतो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. आपल्याकडे ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी विवेकनिष्ठ उपचार आणि भारतीय तत्त्वज्ञान यांची सांगड सोप्या मराठीत घालून दाखवली आहे. हे सगळं मोलाचं आहे. तरीही कुटुंबोपचारात गुरूची गादी धोक्याची आहे, असं माझं ठाम मत आहे. एका माणसासमोर गुरू होणं वेगळं. कुटुंबासमोर तुम्ही गुरू झालात, की तुमची श्रद्धा ज्याच्याशी जुळते त्याचं पारडं जड होतं, आणि घरातली सर्वांत दुबळी व्यक्ती, बहुधा सून किंवा किशोरवयीन मूल, पुन्हा एकटी पडते.

म्हणून काही गोष्टी पक्क्या असाव्यात. श्रद्धेविषयीचा प्रश्न पहिल्या एक-दोन भेटींतच विचारावा. उपदेश करू नये, थट्टाही करू नये. औषध बंद करायला लावणारा, मारहाणीला देवाचं नाव देणारा, पैसा उकळणारा कुणी कुटुंबाच्या आसपास असेल, तर तिथे तटस्थ राहू नये. कायद्याची मदत घ्यावी. कीर्तनकार, फादर, मौलवी, भन्ते यांच्यातली समंजस माणसं ओळखून त्यांच्याशी संबंध ठेवावेत. आणि समुपदेशन शिकवणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी, कौटुंबिक न्यायालयांतल्या विवाह समुपदेशकांच्या प्रशिक्षणाने, हा विषय अभ्यासक्रमात घ्यावा. आज तो ज्याच्या त्याच्या मगदुरावर सोडलेला आहे.

कुटुंबांनाही एक विनंती आहे. समुपदेशकाकडे जाल तेव्हा नवस, पत्रिका, अंगारा, सगळं मोकळेपणाने सांगा. जो हसेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. आणि जो तुमची गोळी थांबवून ‘फक्त श्रद्धा ठेवा’ म्हणेल, त्याच्याकडे तर मुळीच जाऊ नका.